क्रूझवरच्या फॉर्मल डिनरला नटून जावं का? धोतर-कोट चालेल का?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. इथं बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आणि बोटीवर नोकरी केलेलेही बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझे धाकटे दीर हॉलंडला असतात. त्यांनी मे महिन्यात सगळ्या घराला भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर न्यायचं ठरवलंय. बार्सिलोनाहून निघून फ्रान्स-इटलीची बंदरं बघत आठवडाभरानं परत बार्सिलोना. तिकिटं झाली, व्हिसाचं काम चालू आहे. परवा कंपनीचं माहितीपत्रक आलं. त्यात लिहिलंय की दोन रात्री मुख्य डायनिंग हॉलमधलं जेवण फॉर्मल असेल. पुरुषांना सूट नाहीतर टक्सिडो, बायकांना गाऊन.

तेव्हापासून घरात तट पडलेत. आमचे हे म्हणतात, दोन रात्रींसाठी सूट कशाला शिवायचा, जीन्स-शर्टवर जाऊ, तिथं आपल्याला कोण ओळखतंय. दीर म्हणतात सगळ्यांनी सूटच घालायचा, मामांनीसुद्धा. मामा म्हणजे माझे सासरे. खानापूर तालुक्यात त्यांची मास्तरकीची नोकरी झाली. धोतर, पांढरा सदरा, वर काळा कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी, हाच त्यांचा पोशाख. मुलांच्या लग्नातही तोच होता. सूटचं ऐकल्यापासून ते एवढंच म्हणालेत, "तुम्ही जावा, मी खोलीत दहीभात खातो."

मला विचाराल तर मला नटून जायचंय. टोपपदरी इरकल मी कधीची बाजूला काढून ठेवलीय. पण मामा खोलीत आणि आम्ही हॉलमध्ये, हे मला चालणार नाही. तर नटणं सक्तीचं असतं का? आणि धोतर-कोटावर त्यांना आत घेतील का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

गणपतगल्ली

जसा देश तसा वेष. सूट शिवा, फोटो काढा, विषय संपला.

---

निवांत_निपाणी

अक्का, माझं मत तुमच्या यजमानांच्या बाजूनं. माणूस वर्षभर राबतो, पैसे साठवतो आणि सुट्टीवर जातो. तिथंही गळ्याला टाय आवळून बसायचं? आम्ही सिंगापूरहून गेलो होतो तेव्हा फॉर्मल रात्री सरळ बुफेत गेलो. तिथं कुणी काही विचारत नाही. खिडकीजवळ निवांत जागा मिळाली, भजी होती, डाळ होती, पोरं खूश. पूर्ण पैसे भरलेत तर कपडे आपल्या सोयीचेच घालावेत असं मला मनापासून वाटतं.

---

दर्यावर्दी_खानापूर

मी क्रूझवरच्या अशाच हॉलमध्ये वाढपी म्हणून काम केलंय. आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. आता गावी शेती बघतो. आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यातली, आणि गोव्यातली तर कितीतरी, पोरं बोटीवर असतात. त्यामुळं टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट, नटणं सक्तीचं नाही. फॉर्मल असतो तो मुख्य डायनिंग हॉल. त्याच रात्री बुफे चालू असतो, पिझ्झाचा कोपरा चालू असतो, खोलीवर जेवण मागवता येतं. उपाशी कुणी राहत नाही.

दुसरी, दारात काय होतं ते. मोठ्या अमेरिकन जहाजांवर हाफ पँट, बनियन, पोहण्याचे कपडे, रबरी स्लिपर यांना थांबवतात. साध्या नीटस शर्ट-पँटीतल्या माणसाला फॉर्मल रात्रीसुद्धा शक्यतो कुणी परत पाठवत नाही. ब्रिटिश परंपरेच्या जहाजांवर मात्र कडक असतं. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' सारख्या जहाजावर गाला इव्हिनिंग असते. त्या रात्री नियमाप्रमाणं पोशाख नसेल तर ठराविक बुफे, पब अशा जागीच बसावं लागतं. पण त्याच क्युनार्डच्या नियमात डिनर जॅकेटच्या बरोबरीनं आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो असं लिहिलेलं आहे. स्कॉटलंडची माणसं किल्ट घालून येतात, नायजेरियाची माणसं झगझगीत झब्बे घालून येतात. आम्ही वाढपी कौतुकानं बघायचो.

आता गुरुजींचं. धोतर नीट नेसलेलं, सदरा इस्त्रीचा, कोट बटण लावलेला, पायात चांगलं पायताण. मी दारात असतो तर खुर्ची स्वतः ओढून दिली असती. अडचण आलीच तर टोपीची येईल. हॉलमध्ये पुरुषांनी टोपी काढायची अशी त्यांची रीत आहे. त्यांच्या डोळ्यासमोर बेसबॉलची कॅप असते. शिखांच्या पगडीला मात्र कुणी हात लावत नाही, कारण ती पोशाखाचा भाग आहे हे त्यांना माहीत असतं. तुम्ही कंपनीला आधीच ईमेल करा. फोटो जोडा, 'हा आमच्याकडचा औपचारिक पोशाख, टोपी त्याचा भाग आहे' असं लिहा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. दारावरचा पोरगा बहुतेक नवखा असतो. कागद दाखवला की तो मेत्र डीला, म्हणजे हॉलच्या मुख्य व्यवस्थापकाला, बोलावतो आणि काम होतं.

तिसरी गोष्ट जेवणाची. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला सांगा की शाकाहारी आहोत, आम्हाला भारतीय जेवण हवंय. दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात करून देतात. खालच्या स्वयंपाकघरात आपली माणसं असतातच. दहीभातसुद्धा मिळेल, आणि तो हॉलमध्ये बसून खाता येईल.

---

मंडोळी_रोड

दर्यावर्दी भाऊ, एक नंबर माहिती. एकच विचारतो, फॉर्मलच्या रात्री लॉबस्टर असतं म्हणतात ते खरं का? माझा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

---

दर्यावर्दी_खानापूर

बऱ्याच जहाजांवर असतं, होय. आणि एखाद्या रात्री बेक्ड अलास्का. आत आइस्क्रीम, वरून भाजलेला अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. दिवे मंद करून आम्ही ते मिरवत आणायचो, लोक नॅपकिन फिरवत उभे राहायचे.

---

मंडोळी_रोड

सूट शिवायला टाकला. 🙂

---

कॅम्पातली_लेक

मी मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या सेंटरजवळ वाढले. वडील फौजेत. मेसमधल्या डिनर नाइटची तयारी आमच्या घरात दुपारपासून चालायची. वडील बूट स्वतः पॉलिश करायचे, मेडल्स पुसायचे, आई साडी चार वेळा बदलायची. तिथं कोण किती श्रीमंत ते कळायचं नाही. सगळे एकसारखे ताठ बसलेले. म्हणून निपाणीकर काकांचं 'पैसे भरलेत' हे मला पटत नाही. काही संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उभ्या करायच्या असतात. शेजारच्या टेबलावर कुणी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करत असतं, त्या दोघांनी त्या रात्रीसाठी कपडे शिवलेले असतात. आपण नीट गेलो तर त्यांची संध्याकाळही सजते.

आणि सूट हाच एक औपचारिक पोशाख हा समज आता आपल्या सैन्यातही राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलानं आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा घालायला परवानगी दिली. वर बिनबाह्यांचं जाकीट, पायात बूट किंवा सँडल असा नियम करून. युद्धनौका आणि पाणबुड्यांवर तो चालत नाही, जमिनीवरच्या मेसमध्ये चालतो. ज्या नौदलानं मेसचे रिवाज इंग्रजांकडून घेतले त्यांनीच हे केलं.

ताई, गुरुजींना दहीभातावर सोडू नका.

---

निवांत_निपाणी

कॅम्पातली_लेक, पन्नासाव्या वाढदिवसाचं तुमचं म्हणणं मला पटलं. बनियनवर जावं असं मी म्हटलेलंच नाही. मला टोचतं ते वेगळं. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत राबून पोरांना शिकवलेली माणसं आहेत. त्यांची पोरं आता आईबापांना असल्या सहलीला नेतात. त्या माणसाला आधीच काटा-चमच्याचं दडपण असतं. त्यात सूट. मग तो जेवत नाही, नुसता बसून राहतो. माझ्या सख्ख्या मामांचं हे झालेलं मी बघितलंय. घरी आल्यावर त्यांना विचारलं कसं होतं, तर म्हणाले, "बूट चावत होता." एवढीच आठवण उरली.

---

वडगावची_विणकर

निपाणीकर दादा, तुमचं वाचून गलबललं. त्यावर उपाय हाच की माणसाला त्याच्या सवयीच्या चांगल्या कपड्यात न्यायचं. बूट चावतो कारण तो आपला नसतो.

आता इरकलीबद्दल सांगते, कारण आमच्या घरात माग होते. वडगाव-खासबाग-शहापूरचे हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण साडीची जाण आहे. अक्का, टोपपदरी इरकल नेताय ते उत्तम. मात्र तिची घडी बदलून न्या. टोपपदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला एकेक धागा फासात अडकवून जोडलेला असतो. तो जोड घडीवर आला आणि बॅगेत दाबून राहिला तर तिथंच चीर पडते. पदर बाहेरून ठेवून सुती कापडात गुंडाळा, घडी न घालता गुंडाळीच करा.

दुसरं, बहुतेक जहाजांवर खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत. आगीची भीती. कपड्यांना वाफ द्यायचं यंत्रसुद्धा बॅगेतून काढून ठेवतात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते, तिथं इस्त्री मिळते. नाहीतर पैसे देऊन करून घ्यायची. साडी आदल्या रात्री बाथरूममध्ये हँगरवर लावा, गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा, दार लावून घ्या. सुती-रेशमी साडीच्या सुरकुत्या बऱ्याच उतरतात. पाणी उडू देऊ नका.

निऱ्यांना आतून पिन मारा, जहाज हलतं. टाचांच्या चपला नकोत. आणि हॉलमध्ये एसी गार असतो, मामांसाठी शाल घ्या.

---

शहापूरची_सून

वडगावताई, घडीचं मला माहीतच नव्हतं, आत्ताच उठून साडी उलगडून ठेवली. दर्यावर्दी भाऊ, ईमेल आज रात्री पाठवते. मामांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून परत घातला. हे शुभचिन्ह.

---

आजरा_आंबोली

तुमचा धागा वाचून मला जुनी बोट आठवली. माझं वय आता सांगत नाही. आमच्या लहानपणी बेळगावची माणसं आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला जायची आणि तिथून बोटीनं मुंबईला. पणजी-मुंबई बोट होती, मालवण, रत्नागिरी अशी बंदरं घेत जायची. डेकवर जागा धरायची, वळकटी सोडायची, आई फडक्यातली भाकरी आणि लसणाची चटणी काढायची. लाटा आल्या की निम्मे लोक आडवे. फॉर्मल हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता.

पण एक सांगतो. मुंबईचा धक्का दिसायला लागला की डेकवरची सगळी माणसं उठायची. तोंडं धुवायची, बायका केस विंचरून नवं लुगडं नेसायच्या, बापे टोपी झटकून घालायचे. कुणाचा हुकूम नसायचा. परक्या गावी नीट पाऊल टाकायचं, एवढंच. तुमच्या सासऱ्यांच्या कोटात मला ते दिसतं. त्यांना कोटातच न्या.

---

टिळकवाडी_वाचनालय

आजोबा, तुम्ही या बोटीवर वेगळा धागा काढाच. आम्ही वाचायला बसलोय.

मूळ विषयात थोडी भर. हा सगळा रिवाज अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांच्या पहिल्या वर्गातून आला. तेव्हा तो वर्गभेद जपायलाच होता, हे खरं. नंतर कंपन्यांनी स्वतःच तो सैल केला. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली, त्यात फॉर्मल रात्रीची सक्ती काढून टाकली. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीनं २०१५ मध्ये फॉर्मल रात्री बंद करून 'इव्हिनिंग शिक' आणलं, म्हणजे नीटनेटकं या, टायचा आग्रह नाही. त्यामुळं सगळ्या क्रूझना एकच नियम लावू नका. दिरांना कंपनी कोणती ते विचारा आणि तिच्या संकेतस्थळावरचं ड्रेस कोडचं पान वाचा. पत्रकात सूट-गाऊन लिहितात, आणि सविस्तर पानावर बाकीचे पर्याय सापडतात.

---

हुबळी_रोड

धोतर आणि प्रवेश म्हटलं की मला २०२४ चा जुलै आठवतो. बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये हावेरीचा एक शेतकरी मुलाबरोबर सिनेमा बघायला गेला. धोतर नेसलाय म्हणून त्याला दारातच अडवलं. व्हिडिओ पसरला, विधानसभेत विषय गेला आणि सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्या वेळी आमच्याकडचे मराठी आणि कन्नड सगळे एका सुरात बोलले. आणि तमिळनाडूनं तर २०१४ मध्ये कायदाच केला. एका क्लबनं वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत घेतलं नाही, त्यानंतर. तिथल्या क्लबांना आता वेष्टीवरून कुणाला अडवता येत नाही.

माझं म्हणणं, ईमेल कसली करताय? हक्कानं जा. अडवलं तर व्हिडिओ काढा.

---

कॅम्पातली_लेक

दादा, संताप समजतो आणि त्या शेतकऱ्याबद्दल मलाही वाईट वाटलं होतं. पण जहाज परदेशी, बंदर स्पेनचं. आपला कायदा तिथं चालत नाही. आणि दारात वाद झाला तर सत्तरी ओलांडलेल्या गुरुजींना त्या वादाच्या मध्ये उभं राहावं लागेल. त्यांची सहल त्या व्हिडिओपुरती होईल. ईमेलच बरी.

---

हुबळी_रोड

हे मात्र खरं. गुरुजींना मध्ये उभं करायचं नाही. मागं घेतो.

---

सीमाभाग_जिंदाबाद

धोतराचा विषय निघालाच आहे तर बेळगावात पाट्या कुठल्या भाषेत…

---

संपादक मंडळ

त्या विषयाला स्वतंत्र धागे आहेत आणि ते चालू आहेत. इथं कृपया क्रूझ, कपडे आणि जेवण.

---

अथणीकर_चप्पल

सगळे सूट-साडीवर बोलायलाय, पायाकडं कोण बघणार? गुरुजींना बूट घालू नका. धोतराखाली बूट आणि त्यात मोजे, दोन तास बसून पाय आखडतात. कोल्हापुरी घाला. कोल्हापुरी म्हणतात खरं, पण ती आमच्या अथणी-निपाणी भागातसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या होते. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली, आधी नाव घेतलं नाही, मग आरडाओरडा झाल्यावर भारतीय कारागिरीवरून घेतली असं मान्य केलं. इटलीतच जाताय ना? मग अस्सल घालून जावा.

फक्त नवी कोरी नेऊ नका. आत्तापासून घरात रोज तासभर घालायला लावा, आतून खोबरेल तेलाचा हात फिरवा. नवी कोल्हापुरी करकर वाजते आणि अंगठ्याला लागते. बंदरावर दगडी रस्ते असतात, तिथं फिरायला मात्र रबरी तळाचं दुसरं काहीतरी. आणि ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो, हे त्यांना सांगून ठेवा.

---

निवांत_निपाणी

अथणीकर, माझ्या मामांच्या वेळी तुम्ही कुठं होता राव! हेच पाहिजे होतं.

---

चिकोडीची_मास्तरीण

मी मुंबईहून लक्षद्वीपला कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजावर गेले होते. भारतीय प्रवासी, भारतीय जेवण. जैन जेवण वेगळं मिळत होतं. तिथं कुणी सूटची सक्ती केली नाही. तरी एका रात्री सगळ्यांनी आपणहून छान कपडे केले. गुजराती बायका बांधणीत, एक कुटुंब कांजीवरममध्ये, आम्ही मैत्रिणी खणाच्या ब्लाउजवर साध्या सुती साड्यांत. गुळेदगुड्डचं खण, खडेबाजारात घेतलेलं. एका बाईनं जवळ येऊन हात लावून बघितलं आणि कुठं मिळतं ते विचारलं. त्यामुळं नटण्याच्या बाजूनं माझं मत.

पण खर्चाचं निपाणीकर म्हणतात ते लक्षात घ्या. नवीन काही शिवायची गरज नसते. घरात लग्नातला बंदगळा असतो, जोधपुरी असतो, त्यावर गडद पँट. तोही नसेल तर गडद रंगाचा कुर्ता आणि नेहरू जाकीट. देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर चेक-इन सामान १५ किलोच असतं, दोन सूट आणि दोन जोड बूट यातच बॅग भरते.

---

गणपतगल्ली

मी पहिल्यांदा 'सूट शिवा, विषय संपला' लिहिलं होतं. आजोबांची पोस्ट आणि चपलांची पोस्ट वाचून सांगतो, सूट फक्त ज्याला हौस आहे त्यानं. मंडोळी_रोडनं लॉबस्टरसाठी शिवावा.

---

मंडोळी_रोड

माप दिलं सुद्धा.

---

अनगोळ_आयटी

दिरांच्या बाजूनंही कुणीतरी बोला. मी परदेशात राहिलोय. तिथं राहणाऱ्या मुलाच्या मनात एक धाकधूक असते की आपल्या आईबापांकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघू नये. सूटचा हट्ट त्यातून येतो. त्यांना वडिलांची लाज वाटत नसते, त्यांच्या अपमानाची भीती वाटत असते. ताई, दिरांवर चिडू नका. त्यांना दर्यावर्दींचं लिखाण पाठवा. नायजेरियन झब्बे आणि स्कॉटिश किल्टचं वाचलं की भीती निम्मी होईल.

---

दर्यावर्दी_खानापूर

अनगोळ_आयटी, अगदी बरोबर ओळखलंत. मी टेबलावर हे बघितलंय. मुलगा अख्खं जेवणभर वडिलांच्या हाताकडं बघत असतो, काटा कुठल्या हातात धरलाय म्हणून. वडिलांना ते कळतं. मग ते हातच मागं घेतात. मी अशा टेबलावर मुद्दाम चमचा आणून ठेवायचो आणि सांगायचो, हा भातासाठीच आहे. रोटी असेल तर हातानं खा, कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी काय झालं.

शेवटचं एक कामाचं. पहिल्या रात्री फॉर्मल नसतं, कारण बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि खोलीत उशिरा येतात. म्हणून पहिल्या दिवसाचे नीटस कपडे आणि मामांची औषधं हातातल्या पिशवीत. फॉर्मल शक्यतो समुद्रावरच्या पूर्ण दिवशी ठेवतात, रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपवर दिसेल. त्या संध्याकाळी फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे नाहीत, विकत घ्यायला आहेत, आणि महाग आहेत. पण गुरुजी आणि सासूबाईंचा एक घ्याच.

---

शहापूरची_सून

मंडळी, उत्तर आलं. आठवडा लागला, पण आलं. कंपनीनं लिहिलंय की देशाचा औपचारिक पोशाख फॉर्मल रात्रींना चालतो, आणि डोक्यावरचं वस्त्र त्या पोशाखाचा भाग असेल तर हरकत नाही. बुकिंगवर तशी नोंद केलीय असंही कळवलंय. कागद छापला, दोन प्रती काढल्या.

अनगोळ_आयटी, तुमचं म्हणणं नेमकं निघालं. दिरांना धागा पाठवला. रात्री त्यांचा मामांना फोन आला, दोघं बराच वेळ बोलत होते, मी स्वयंपाकघरात गेले. नंतर मामांनी सांगितलं, "एक रात्र हॉलमध्ये येतो, कोट घालून. दुसऱ्या रात्री बुफे. तिथं पोरांबरोबर बसतो." म्हणजे निपाणीकरांचंही मत राखलं गेलं. त्या दुसऱ्या रात्री आम्ही सगळेच बुफेत जाणार.

यांच्यासाठी लग्नातला बंदगळा काढला, कमरेत सैल करायला रामदेव गल्लीत दिलाय. सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, मी नऊवारी नेसू का? मी म्हटलं विचारताय काय, नेसाच. अथणीकर, कोल्हापुरी आणली, तेल चालू आहे.

आता एकच राहिलं. धोतर-सदऱ्याची इस्त्री तिथं कशी होईल? मामांना कडक लागते.

---

वडगावची_विणकर

धोतराला शॉवरच्या वाफेची युक्ती चालत नाही, खळ उतरते आणि ते लुळं पडतं. इथूनच खळ घालून कडक इस्त्री करून न्या. लांब घडी करा, पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. जहाजावर धुवायला दिलंत तर खळ घालतीलच याचा भरवसा नाही, म्हणून धोतरं दोन, सदरे दोन आणि टोप्या तीन. टोपीत वर्तमानपत्राचा बोळा घाला म्हणजे आकार राहतो.

---

दर्यावर्दी_खानापूर

आणि पैसे देऊन नुसती इस्त्रीच करून घ्यायची असेल तर सकाळी लवकर द्या. फॉर्मलच्या दिवशी दुपारनंतर सगळं जहाज तिथं रांगेत असतं.